सात महिन्यांचा प्रश्न आणि आजोबांची स्कूटर

सांगली जिल्ह्यातील एका खेड्यातून एका वडिलांनी सविस्तर पत्र पाठवले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश येथे देत आहे. त्यांचा मुलगा बारावीला विज्ञान शाखेत आहे. तालुक्याच्या गावी त्याचा क्लास सकाळी साडेसहा ते साडेआठ असतो आणि दहा वाजता कॉलेज सुरू होते. घरापासून अंतर नऊ किलोमीटर आहे, परंतु पहिली एसटी तालुक्याला सात वाजून वीस मिनिटांनी पोहोचते. त्यामुळे जूनपासून मुलगा आजोबांच्या नावावरची ११० सीसीची स्कूटर घेऊन जातो. त्याला अठरा वर्षे पूर्ण व्हायला अजून सात महिने आहेत. गावातील आणखी तीन मुले असेच जातात. गेल्या महिन्यात पोलिसांनी त्याला अडवले, एका ओळखीच्या गृहस्थांनी फोन केला आणि समज देऊन त्याला सोडण्यात आले. त्या दिवसापासून मुलाच्या आईने गाडी बंद करण्याचा आग्रह धरला आहे, तर मुलगा विचारतो, "तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" वडील लिहितात की पोरगा सरळ आहे, व्यसन नाही, आजवर एकदाही पडलेला नाही. खड्ड्यांचे रस्ते आणि नसलेल्या एसट्या यांचा जाब सरकारला कोणी विचारत नाही, मग साध्या नोकरदाराला पंचवीस हजारांचा दंड आणि तुरुंगाची भीती दाखवणारा कायदा न्याय्य कसा, असा त्यांचा प्रश्न आहे. सात महिन्यांसाठी मुलाचे बारावीचे वर्ष पणाला लावायचे का, हा त्यांचा दुसरा प्रश्न. स्कूटरचा विमा पुढील महिन्यात संपतो, हेही त्यांनी जाता जाता लिहिले आहे.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. बेपर्वा माणूस असे पत्र लिहीत नाही, हे आधी सांगतो. तुम्ही मुलाला हौसेसाठी गाडी दिलेली नाही, तर शिक्षणासाठी दिली आहे आणि दुसरा मार्ग दिसला नाही म्हणून दिली आहे. तरीही तुमच्या युक्तिवादातील काही गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत, तपासलेल्या नाहीत. त्यांतील पहिली म्हणजे हा प्रश्न फक्त सात महिन्यांचा आहे, ही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि तिच्यातील बहुतेक वाढीव शिक्षा त्या वर्षाच्या १ सप्टेंबरपासून लागू झाल्या. त्या दुरुस्तीने कलम १९९-अ आणले, आणि तुमच्या घरातील परिस्थितीला नेमके तेच लागू होते. अल्पवयीन व्यक्तीने वाहन चालवून या कायद्याखालील गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. हे तुम्ही ऐकलेले दिसते. याच कलमात आणखी एक पोटकलम आहे, ते मात्र तुमच्या पत्रात कुठे आलेले नाही. त्यानुसार अशा मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत शिकाऊ परवानासुद्धा मिळत नाही.

याचा अर्थ शांतपणे लावून पाहा. आज सात महिने थांबायला लागते म्हणून तुम्ही जो धोका पत्करता आहात, तो अंगावर आला तर तुमच्या मुलाला सात वर्षांहून अधिक काळ थांबावे लागेल. कॉलेज, पदवी, पहिली नोकरी हा सगळा काळ त्याला कायदेशीरपणे दुचाकी चालवता येणार नाही, आणि आपल्या भागात ज्या तरुणाला दुचाकी चालवता येत नाही त्याच्या किती वाटा बंद होतात हे मी तुम्हाला सांगायला नको. दंडाचे पंचवीस हजार कर्ज काढून भरता येतात, पण ही सात वर्षे कुठूनही उसनी मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट आजोबांची. स्कूटर त्यांच्या नावावर आहे, हे तुम्ही तपशील म्हणून लिहिले आहे, पण कायद्याच्या दृष्टीने तो तपशील मध्यभागी आहे. कलमात "पालक किंवा मालक" असे शब्द आहेत. संमती नव्हती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर किंवा मालकावर आहे, कारण अल्पवयीनाने वाहन वापरले तर ते संमतीनेच वापरले असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे कायदाच सांगतो. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण योग्य ती सर्व काळजी घेतली होती, असे दाखवता आले तर सुटका आहे. परंतु जूनपासून दररोज सकाळी अंगणातून निघणारी गाडी आपल्याला ठाऊक नव्हती, असे तुमचे वडील कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांनी नातवाला प्रेमाने किल्ली दिली आहे. त्या किल्लीपायी आपण आरोपी होऊ शकतो, हे त्यांना कोणी समजावून सांगितले आहे का, एवढे एकदा विचारा. माझा अंदाज असा की सांगितलेले नाही, कारण अशा घरांत आजोबांची गाडी ही सगळ्यांची गाडी असते आणि नोंदणी पुस्तकावरचे नाव कोणी पाहत नाही.

गेल्या महिन्यातील प्रसंगाकडेही जरा वेगळ्या नजरेने पाहायला हवे. ओळखीतून फोन झाला आणि प्रकरण मिटले, याचा तुम्हाला दिलासा वाटलेला दिसतो. हेल्मेट, सीटबेल्ट किंवा विनापरवाना वाहन चालवणे यांसारख्या गुन्ह्यांत तडजोड शुल्क भरून प्रकरण जागच्या जागी संपवण्याची सोय कायद्यात आहे. कलम १९९-अ त्या यादीत नाही. म्हणजे पुढच्या वेळी एखाद्या अधिकाऱ्याने हे कलम लावले, तर पावती फाडून सुटका होणार नाही, प्रकरण न्यायालयात जाईल. आणि त्या फोनमधून तुमचा मुलगा काय शिकला, याचाही विचार करा. नियम मोडला तरी बाबांच्या ओळखीचे कोणीतरी असते, हा धडा त्याने त्या सकाळी घेतला असेल, तर तो पुसायला तुम्हाला बरेच कष्ट पडतील.

आता तुमच्या रागाबद्दल लिहितो, कारण तो मला खोटा वाटत नाही. वाढीव दंडांविषयी महाराष्ट्रात सुरुवातीपासून नाराजी होती. कायदा देशभर लागू झाला तेव्हा आपल्या राज्य सरकारने नवे तडजोड शुल्क रोखून धरले, गुजरातने तर दहा दिवसांतच अनेक दंड कमी केले, आणि महाराष्ट्रात सुधारित दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. परवान्याशिवाय वाहन चालवण्याचा दंड कायद्यात पाचशेवरून पाच हजार झाला, दारू पिऊन वाहन चालवण्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजारांपर्यंत गेला. पाच हजार ही रक्कम एखाद्या बंगल्यातील माणसाला एका संध्याकाळचा खर्च असते आणि ऊसतोडीच्या मजुराला कित्येक दिवसांची मजुरी असते. आपला कायदा दोघांना एकाच मापाने मोजतो, आणि ही त्याची उणीव आहे असे माझेही मत आहे. शिवाय दंडाची रक्कम कितीही मोठी असली तरी पकडले जाण्याची खात्री नसेल तर तिचा धाक राहत नाही. वर्षातून एकदा होणाऱ्या पाच हजारांच्या दंडापेक्षा दर वेळी न चुकता होणारा पाचशेचा दंड माणसाला लवकर सुधारतो. नाक्यावर कोणाला सोडायचे आणि कोणाला धरायचे हे ओळखीवर ठरू लागले, तर मोठा दंड म्हणजे मोठी चिरीमिरी एवढाच त्याचा अर्थ उरतो. तुमच्या मुलाला सोडवणारा तो फोन याच दुखण्याचा भाग आहे, हे मात्र तुम्हाला मान्य करावे लागेल.

खड्ड्यांबद्दलही तुम्ही बरोबर आहात. त्याच २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८-अ आले आहे. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल करताना ठरलेली सुरक्षा मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असे ते सांगते. अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्यानेच गुन्हा केला तर त्याला दुप्पट शिक्षा, असेही एक कलम आहे. गावात रस्त्याचा प्रश्न निघतो तेव्हा ही कलमे क्वचितच कोणाच्या तोंडी असतात, आणि ती असायला हवीत. ग्रामसभेत तुमच्या नऊ किलोमीटरच्या रस्त्यावरील धोक्याची वळणे आणि खड्डे यांची यादी ठरावात नोंदवून घ्या आणि ज्या खात्याचा तो रस्ता आहे त्याला ती लेखी पाठवा, म्हणजे उद्या कोणाचा अपघात झाला तर "आम्हाला ठाऊक नव्हते" असे त्यांना म्हणता येणार नाही.

पण रस्ता वाईट आहे म्हणून मुलाला गाडी द्यावी लागते, हा तुमचा तर्क मला उलटा वाटतो. रस्ता वाईट असेल तर त्यावर सर्वांत कमी अनुभवाचा माणूस असू नये. तुमच्या भागात हिवाळ्यात सकाळी सहाला पुरते उजाडलेले नसते. गाळप हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याकडे जात असतात, त्यांतील कित्येकांना मागे दिवा किंवा परावर्तक पट्टीसुद्धा नसते, आणि वाटेत सांडलेल्या उसाच्या कांड्यांवरून दुचाकीचे चाक घसरते. अशा रस्त्यावर स्कूटरचा तोल सांभाळता येणे हे कौशल्याचे निम्मेच अंग असते. समोरचा ट्रॅक्टर न सांगता वळणार आहे, हे त्याच्या चालीवरून आधी ओळखता येणे हे उरलेले निम्मे, आणि ते वर्षांनी येते. मुलगा आजवर पडला नाही, हे खरे आहे. पण पाच महिन्यांत न पडणे हा अनुभव नव्हे, आणि त्या काळातील बहुतेक सकाळी पावसाळ्याच्या आणि गाळप सुरू होण्याआधीच्या होत्या, हेही लक्षात घ्या.

अपघात शहरात होतात, आपल्या आडवाटेला कोण धडकणार, असाही एक समज तुमच्या पत्रात डोकावतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागात झाले. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार आणि सहप्रवासी दगावले. मृतांमध्ये अठरा वर्षांखालील ९,५२८ मुले-मुली होत्या, म्हणजे रोज सरासरी सव्वीस. ती सगळीच गाडी चालवत होती असे नव्हे, कोणी मागे बसले असेल, कोणी रस्त्याच्या कडेने चालले असेल. पण कायदा अठरा वर्षांचा आग्रह का धरतो हे समजून घ्यायचे असेल, तर दंडाच्या तक्त्याआधी हा आकडा पाहावा, असे मला मनापासून वाटते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये अठरा पूर्ण न झालेल्या मुलाच्या हातातील भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, आणि त्या मुलाला सुरुवातीला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचा संताप झाला. तुम्हीही तेव्हा संतापला असाल. आपला मुलगा तसा नाही, ती श्रीमंतांची आणि दारूची गोष्ट होती, असे तुम्ही म्हणाल, आणि दोन्ही गोष्टींत फरक आहे हे मला पूर्ण मान्य आहे. साम्य एवढेच आहे की दोन्ही घरांत किल्ली मोठ्यांच्या ताब्यात होती. कलम १९९-अ मुलाच्या चारित्र्याविषयी काहीच बोलत नाही, किल्ली कोणी दिली एवढेच विचारते.

पैशाच्या बाजूनेही पाहून घ्या, कारण साध्या नोकरदाराच्या घरी तोही मोठा भाग आहे. तुमच्या मुलाच्या गाडीने कोणाला इजा झाली आणि चालकाकडे परवाना नव्हता, तर जखमी माणसाला भरपाई देऊन ती रक्कम विमा कंपनीने वाहनमालकाकडून वसूल करावी, अशा प्रकारचे आदेश न्यायालये देत आली आहेत. म्हणजे बोजा पुन्हा आजोबांवर, त्यांच्या निवृत्तिवेतनावर किंवा जमिनीवर येतो. विमा घेताना मालक-चालकासाठी जे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण मिळते, ते परवानाधारक मालकापुरते असते, त्यामुळे नातवाला काही झाले तर त्याचा उपयोग नाही. एका अपघातात तुमचे कुटुंब एका पिढीची बचत गमावू शकते, आणि त्या हिशेबात पंचवीस हजार ही सर्वांत लहान रक्कम असेल.

मग करायचे काय? तुमच्यापुढचा प्रश्न तुम्ही "मुलाला गाडी द्यायची की त्याचे वर्ष बुडवायचे" असा मांडला आहे. तुम्हीच दिलेल्या वेळा पुन्हा पाहिल्या तर तो बराच लहान होतो. कॉलेज सुटल्यावर परतीला एसटी आहे. क्लास सुटल्यावर कॉलेजला तो चालत जातो. अडचण आहे ती फक्त एका बाजूच्या नऊ किलोमीटरची, आणि तीही बोर्डाच्या परीक्षेपर्यंत. दिवाळीची सुट्टी आणि रविवार वजा केले तर साधारण शंभर सकाळी उरतात. शंभर वेळा एका मुलाला नऊ किलोमीटर सोडायचे, एवढेच हे काम आहे. असे मोजले की मार्ग दिसू लागतात.

सर्वांत सोपा मार्ग तुम्ही अजून विचारूनही पाहिलेला नाही, याचे मला आश्चर्य वाटले. एसटी सात वीसला पोहोचते आणि कॉलेज दहाला असते. क्लास साडेसात ते साडेनऊ झाला तर प्रश्नच उरत नाही. तुमच्या गावातील चार मुले आहेत, आसपासच्या खेड्यांतील आणखी दहा-बारा तरी असतील, आणि क्लासच्या दारात रोज सकाळी विनापरवाना मुलांच्या गाड्यांची रांग लागते हे क्लासच्या सरांनाही दिसत असणार. चौघांचे पालक मिळून त्यांना भेटा. एकट्या पालकाची ती विनंती ठरते, पण पंधरा पालकांनी एकत्र सांगितले तर त्यांना वेळापत्रक हलवावे लागेल, कारण पंधरा विद्यार्थ्यांची फी कोणालाही गमवायची नसते.

ते जमले नाही तर आगार व्यवस्थापकांकडे जा. पहिली गाडी पाऊण-एक तास आधी सोडण्याची मागणी करताना तोंडी गाऱ्हाणे नेऊ नका, सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, मार्गावरील गावांची नावे आणि प्रत्येक गावातील विद्यार्थ्यांची संख्या असलेला अर्ज न्या. किती पास निघतील हे आकड्यांत दिसले तर त्यांनाही वरिष्ठांपुढे मागणी ठेवता येते. विद्यार्थी पासाला मोठी सवलत आहे आणि ग्रामीण भागातील बारावीपर्यंतच्या मुलींना तर पास मोफत आहे. पहाटेची गाडी सुरू झाली तर आज अंधारामुळे किंवा गाडी चालवता येत नसल्यामुळे क्लासला येऊच न शकणाऱ्या मुलींचाही मार्ग मोकळा होईल, हा मुद्दा अर्जात जरूर घाला. यासाठी काही आठवडे जातील, तोवर दुसरी सोय लागेल.

ती सोय घरातच आहे. तुम्ही दहाला कामावर पोहोचता. सकाळी सहाला मुलाला त्याच स्कूटरवर मागे बसवून सोडून यायला तुम्हाला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लागतील. रात्री आठला दमून घरी येणाऱ्या माणसाला हे सांगणे मला जड जाते, परंतु ही झोप मोडणे तुमच्या हातात आहे आणि बाकीचे बरेच काही तुमच्या हातात नाही. चौघांपैकी एका घरी चारचाकी असेल, तर परवाना असलेल्या पालकांनी पाळी लावावी आणि इतरांनी इंधनाचा वाटा उचलावा. शंभर सकाळी तिघा-चौघांत वाटल्या की प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस-तीस येतात. वडापचा, म्हणजे माणसे भरून नेणाऱ्या खासगी जीपचा, पर्याय तुम्ही लिहिला आहे, तो मी सुचवणार नाही. दाराला लोंबकळत जाणारा मुलगा स्कूटरवरच्या मुलापेक्षा सुरक्षित नसतो.

आणि येथे मला तुमच्या पत्रातील एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. तुमच्या पत्नी या पत्रात काळजी करणारी आई म्हणून येतात, हट्ट धरणारी आई म्हणून येतात, पण गाडी चालवू शकणारी प्रौढ व्यक्ती म्हणून एकदाही येत नाहीत. घरात स्कूटर आहे, मुलाने ती चालवायला शिकायला फार दिवस घेतले नाहीत, मग आईने का शिकू नये? शिकाऊ परवान्याची परीक्षा ऑनलाइन देता येते, त्यानंतर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. म्हणजे दोनेक महिन्यांत तुमच्या घरात सकाळी मुलाला सोडू शकणारी दोन माणसे असतील. दुखणेबाणे, बाजार, बँक, माहेर या सगळ्यासाठी त्या पुढे कोणावर अवलंबून राहणार नाहीत, हा लाभ तर मुलाची बारावी संपल्यावरही राहील. त्यांना ते हवे आहे का, हे अर्थातच त्यांना विचारा. म्हशींची धार सकाळीच काढावी लागते असे तुम्ही लिहिले आहे, तर त्या चाळीस मिनिटांत ते काम तुम्ही घ्या.

विनापरवाना चालणाऱ्या बॅटरीच्या गाड्यांविषयी काही पालक विचारतात, म्हणून त्याबद्दल थोडे लिहितो. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची गाडी कायद्याने मोटार वाहन मानली जात नाही, त्यामुळे तिला नोंदणी आणि परवाना लागत नाही. पण दुकानदार अशी म्हणून विकतात त्यांतील काही गाड्यांत फेरफार करून वेग वाढवलेला असतो, आणि तसे झाले की ती साधे मोटार वाहन ठरते व वरची सगळी कलमे लागू होतात. प्रमाणपत्र तपासल्याशिवाय घेऊ नये. शिवाय ट्रॉल्यांच्या रस्त्यावर इतक्या हळू चालणारे वाहन अंधारात नेण्याचा धोका वेगळाच आहे. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो असेही कोणीतरी तुम्हाला सांगितले आहे. तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीपुरता आहे. आमच्या पिढीतील मुलांनी त्या परवान्यावर लुना चालवली, पण आजोबांची ११० सीसीची स्कूटर त्यात बसत नाही, आणि त्या परवान्यावर ती चालवली तर तो विनापरवानाच चालवत आहे असे धरले जाईल.

आता मुलाशी बोलण्याबद्दल. "विश्वास नाही का" या त्याच्या प्रश्नाला रागावून उत्तर देऊ नका, कारण त्याच्या वयाला तो प्रश्न खरा असतो. त्याला जवळ बसवून कलम १९९-अ वाचायला द्या, पंचवीस वर्षांचे पोटकलम त्यालाच शोधू द्या. विज्ञानाचा विद्यार्थी आहे, ताशी पन्नासच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात किती अंतर कापते आणि अंधारात ट्रॉली दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत ती कुठे पोहोचते, हे गणित तो स्वतः करील. त्याला सांगा की तुमचा त्याच्यावर विश्वास आहे, पण किल्ली देऊन चूक तुम्ही केली होती आणि ती तुम्ही दुरुस्त करत आहात. त्याला दोषी न ठरवता हे बोलणे महत्त्वाचे आहे, कारण खरोखरच दोष त्याचा नव्हता. गाडी बंद झाल्याचे मित्रांपुढे सांगताना त्याला ओशाळे वाटेल. इतर तीन घरांनीही त्याच दिवसापासून गाड्या थांबवल्या तर ते ओझे बरेच हलके होईल, म्हणून त्या पालकांशी आधी बोला आणि मग मुलाशी.

सात महिन्यांनी त्याला अठरा पूर्ण होतील तेव्हा त्याच आठवड्यात शिकाऊ परवान्याचा अर्ज भरा आणि पक्का परवाना हातात येईपर्यंतचे दिवस तुम्ही स्वतः त्याला त्या रस्त्यावर उजेडात शिकवा. हेल्मेट आत्ताच घ्या, कारण मागे बसणाऱ्यालाही ते बंधनकारक आहे. आयएसआय चिन्ह पाहा, त्याच्या डोक्याच्या मापाचे निवडा आणि पट्टा लावल्याशिवाय गाडी हलणार नाही अशी शिस्त पहिल्या सकाळपासून ठेवा. नीट घातलेल्या हेल्मेटमुळे अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो.

राहिला विमा. मुलगा गाडी चालवणार नाही म्हणून यंदा विमा नको, असा विचार मनात आला असेल तर तो सोडा. तीच स्कूटर तुम्ही, तुमच्या पत्नी आणि बाजाराला जाणारे आजोबा वापरणार आहेत, आणि विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्याच वेळी दोन हजारांचा दंड किंवा तीन महिन्यांपर्यंतचा कारावास आहे. मुदत संपायच्या आधी नूतनीकरण करा. ते करायला बसाल तेव्हा आजोबांना शेजारी बसवा, नोंदणी पुस्तकावरचे त्यांचे नाव त्यांना दाखवा, ते नाव असल्याने काय काय अंगावर येते ते सांगा, आणि किल्ली कोणाच्या हाती द्यायची याचा निर्णय त्यांना त्यांच्या तोंडून नातवाला सांगू द्या.